कंपाउंडरचं गाऱ्हाणं

बनेद अल-गार, कुवेत
३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

मुकेशचा नमस्कार. मी इथे मजेत आहे, तू आणि घरची सगळी मजेत असाल. वाडीतला जयदीप येत्या शुक्रवारी गावी निघतोय, त्याच्याकडे हे पत्र देतो. इथे अम्गऱ्यातल्या लाकडाच्या कारखान्यात पाच वर्षं रंधा मारून आता त्याला सुट्टी मिळाली. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि समिधाला मधे घालून बोलायचं तर ती माझं अर्धंच सांगते आणि उरलेलं अर्धं पदरचं घालते. बायको आहे, काय बोलणार? म्हणून कागद.

जत्रा महिनाअखेरीला ना? मला आठवतं, देवळात आपले बाबा देवाला गाऱ्हाणं घालत असताना तू त्यांच्या ओठांकडे बघत उभी असायचीस, आणि सगळ्यांचं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून झालं की दोन सेकंदांनी तुझं एकटीचं यायचं. पोरं हसायची. बाबा कधी हसले नाहीत. तुझं होईपर्यंत ते पुढचं वाक्य घ्यायचे नाहीत.

माझं काम चांगलं आहे. मागच्या खेपेच्या शुऐबासारखं नाही. तिथे तेलाच्या टाकीवर चढायला सांगितल्यावर मी अर्ध्या शिडीवरून खाली उतरलो आणि चार महिन्यांत घरी परत आलो, तेव्हापासून वाडीत मला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. इथे चढायचं काही नाही. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, पण लिफ्टने. समोर समुद्र. एका म्हाताऱ्या माणसाला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, औषध द्यायचं, बस.

म्हातारा म्हणजे साधा नव्हे बरं का, जनरल आहे. सालेम बाबा, वय नव्वदीला टेकलेलं. एडन बंदराच्या वरच्या डोंगरातले. तिथे तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. बाप बंदरावर हमाल, आणि हे एका गुजराती कापडवाल्याच्या दुकानात झाडू मारायचे, म्हणून यांना हिंदी येतं. पुढे कधीतरी एका गोऱ्या सार्जंटने बापाला सगळ्या बाजारासमोर लाथ घातली. हे त्याच आठवड्यात डोंगरात गेले आणि बंडखोरांना मिळाले. चार वर्षं गुहांतून राहिले. वरून विमानं येऊन गावं जाळायची, आणि हे खाली उतरून रस्त्यात सुरुंग पेरायचे. हाताखाली आधी बारा माणसं होती, मग तीनशे. शेवटी गोरे बोटीत बसून निघून गेले आणि सालेमचे जनरल सालेम झाले. मग त्यांच्यात आपसात जुंपली, आणि ज्यांच्यासाठी लढले त्यांच्याच भीतीने एके दिवशी पळून इथे मुलीकडे आले. मुलगी म्हणजे बिल्कीस मॅडम, माझ्या व्हिसावर त्यांचंच नाव आहे. कुवेती माणसाशी लग्न झालेलं, आता विधवा आहेत. सरकारी ऑफिसात जातात. त्यांचा मुलगा फैसल कॉलेजात आहे.

हे सगळं मला सालेम बाबांनीच सांगितलं. ऑगस्टमध्ये मी आलो तेव्हा रोज डाव्या पायाला तेल लावून घेत सांगायचे. त्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जुना व्रण आहे, टाके वेडेवाकडे, घाईत घातल्यासारखे. तिथे तेल लावलं की खूष व्हायचे. भिंतीवरच्या फोटोत जीपच्या टपावर उभे आहेत, असे की बघूनच आपण सरळ उभे राहू.

हल्ली मात्र जरा बिनसलंय. ऑक्टोबरात हवा थंड झाली, एसी बंद करून आम्ही गच्चीचं दार उघडं ठेवायला लागलो, तेव्हापासून. माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. हिना म्हणून हैद्राबादची स्वयंपाकीण आहे, तिने आधी घोट घेऊन दाखवायचा, मग पितात. तेल लावायला गेलं की पाय ओढून घेतात. काल माझ्याकडे टक लावून बघत होते आणि हळूच म्हणाले, “कंपोंडर, तुम फिर आ गया?”

मी गोळ्या देतो म्हणून कंपाउंडर म्हणत असतील. वयाचं आहे, दुसरं काय. तू काळजी करू नकोस.

समिधाला सांग, जयदीपकडे खजूर आणि तुझ्या गुडघ्यांचं मलम पाठवतोय.

तुझा,
मुकेश


१२ नोव्हेंबर

ताई,

जयदीपच्या सुट्टीच्या कागदावर शिक्का बसला नाही, तो अजून इथेच आहे. पाकीटही माझ्याचकडे. पहिलं पत्र फाडणार होतो, पण राहू दे. त्यात मजेत आहे असं लिहिलंय ते खोटं आहे.

मला भीती वाटते. हे मी फक्त तुला लिहितोय. समिधाला वाचून दाखवू नकोस.

गेल्या बुधवारी सकाळी बाबांना आंघोळीला न्यायचं होतं म्हणून मी चाकाच्या खुर्चीतली उशी झटकायला उचलली. तिच्याखाली एक लोकरी मोजा होता. मोज्यात काहीतरी जड. मी वरून हात फिरवला आणि हात तसाच राहिला. पिस्तूल. आत हात घालून बघायचं धैर्य झालं नाही. होतं तसं ठेवलं, वर उशी ठेवली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

आता तू म्हणशील, मॅडमना सांग. मीही तेच म्हणतो, रोज सकाळी म्हणतो. पण इथे घरात परवान्याशिवाय हत्यार सापडणं म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग. नव्वद वर्षांच्या जनरलला कोण तुरुंगात घालणार? आधी विचारतील, घरात बाहेरचा कोण? बाहेरचा मीच. आणि मॅडम म्हणाल्या की माझ्या बापावर आळ घेतोस, तर दुसऱ्या दिवशी विमानात. पुन्हा एकदा बॅग घेऊन वाडीच्या पाणंदीतून वर यायचं. बॅग जड नसते गं, लोकांच्या नजरा जड असतात.

सांगितलं नाही तर? तर तो माणूस दिवसभर माझ्याकडे बघत बसतो आणि त्याचा उजवा हात उशीखाली असतो. मी भात भरवतो तेव्हा, नखं कापतो तेव्हा. नखं कापताना मान खाली घालावी लागते, आणि मला माझ्या मानेचा मागचा भाग सारखा जाणवत राहतो. माणसाला मान आहे हे मला एवढ्या वर्षांत कधी कळलं नव्हतं.

शुक्रवारी म्हणाले, “गनबत, दूसरा आदमी कहाँ है?”

मी म्हटलं, “बाबा, मैं मुकेश. दूसरा कोई नहीं है.”

“है,” ते म्हणाले. “मैंने सुना. रोज शाम को सुनता हूँ. दो आवाज़.”

खरं सांगतो, मीच मागे वळून गच्चीकडे बघितलं. हिनाला विचारलं, तर ती म्हणाली की भैया, ज्याने इतकी माणसं मारली त्याला मेलेले दिसणारच, तू आपला दूर बस. दूर कसा बसू? माझं कामच जवळ बसायचं आहे.

पण गेले चार-पाच दिवस ठीक चाललंय. बाबा दुपारचे बराच वेळ झोपतात. उशीखालचा हात सैल पडतो. मग मी जरा श्वास घेतो. तेवढं बरं आहे.

संध्याकाळी बाबांची पाठ गच्चीच्या दाराकडे असते तेव्हा मी गच्चीत जाऊन गाऱ्हाणं घालतो, निघताना तू सांगितलं होतंस तसं, हळू आवाजात, रोज. इथे समोर म्हणायला माणूस नाही, म्हणून ‘व्हय म्हाराजा’ पण माझंच. तेवढंच एक घरचं आहे.

मु.


१९ नोव्हेंबर

ताई,

जयदीपचा कागद झाला. परवा विमान. तिन्ही पत्रं एकत्र देतोय, क्रमाने वाच. आणि हे शेवटचं वाचताना खाली बस.

मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबा दुपारचे झोपतात. आपोआप झोपत नव्हते.

डॉक्टरांनी संध्याकाळच्या जेवणानंतर अर्धी गोळी सांगितलेली आहे, जीव शांत राहावा म्हणून. पिस्तूल सापडलं त्याच दिवशी मी ती दुपारीही द्यायला लागलो. आधी अर्धी, मग एक. रविवारपासून दोन. दह्यात चुरडून. हिनाने आधी घास घेऊन दाखवायचा, म्हणून मी तिला वरचं दही द्यायचो आणि गोळी तळाशी. एवढी अक्कल मला शाळेत कधी चालवता आली नाही. मी मारायला देत नव्हतो, ताई, देवाशप्पथ नव्हतो. मला फक्त त्या हाताने माझ्याकडे येऊ नये असं वाटत होतं. पण दोनांनी भागलं नसतं तर मी तीन दिल्या असत्या, हेही खरं आहे. कुठे थांबलो असतो ते मला माहीत नाही.

काल दुपारी तीनला हिना चहा घेऊन आली आणि दारातच ओरडली, “भैया, बाबा का साँस देखो!”

ओठ निळसर. छाती हलते की नाही ते कळेना. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, तळपायांना थंड पाणी लावलं. हिना म्हणत होती, अँब्युलन्सला फोन कर. मी फोन हातात घेतला, ताई, आणि केला नाही. दवाखान्यात रक्त तपासतील, हा विचार माझ्या मनात आधी आला. बाबा मरतील हा नंतर. लिहितोय कारण कुणालातरी हे कळायला हवं. मी त्यांना मागून धरून बसवलं, पाठ चोळत राहिलो आणि तोंडाने काय येतं ते बडबडत होतो. शुद्ध नव्हती मला. हिना म्हणाली, तू तुझ्या देवाचं काहीतरी म्हणत होतास. गाऱ्हाणंच असणार. मला दुसरं येतं काय?

“बा देवा रवळनाथा, आई पावणाई, बारा-पाचाच्या म्हाराजा, ह्या लेकराच्या वाटेत जा काय आडवा येयत ता दूर कर रे म्हाराजा...”

पंधरा मिनिटांनी त्यांनी मोठा श्वास घेतला, खोकले आणि डोळे उघडले. हिना रडत स्वयंपाकघरात गेली. बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. गेल्या महिन्याभरात प्रथमच डोळे स्वच्छ होते, समोर कोण आहे ते कळणारे.

“मुकेश,” ते म्हणाले. गनबत नाही, मुकेश. “दही में क्या था?”

मी त्यांचे पाय धरले. सगळं सांगितलं. मोजा, गोळ्या, फोन न केलेला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तू डर गया. मैं भी डर गया था.”

आणि त्यांनी मला गणपतची गोष्ट सांगितली. गनबत म्हणजे गणपत. अरबी जिभांवर त्याचं नाव तसंच बसलं होतं.

एडनच्या सरकारी दवाखान्यात आपल्याकडचा एक कंपाउंडर होता. बंडखोर जखमी पडायला लागले तेव्हा यांनी त्याला तीन दिवसांसाठी म्हणून डोंगरात नेलं. तो आठ महिने राहिला, आपणहून. म्हणायचा, एवढे टाके अर्धवट टाकून जाऊ कसा? बाबांच्या पायाला सुरुंगाचे तुकडे लागले, सगळे म्हणाले पाय कापा, तर त्याने गुहेत कंदिलाच्या उजेडात तो शिवला. मी ज्या व्रणाला आल्यापासून तेल लावत होतो ते टाके त्याचे आहेत.

मग एका आठवड्यात, यांनी मुक्काम केला ती दोन्ही गावं विमानांनी जाळली. कुणीतरी खबर देत होतं. बाबा म्हणाले, तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याला पाठ दाखवायला घाबरायचा. पहारेकऱ्याने येऊन सांगितलं की कंपाउंडर रोज दिवस बुडताना खडकामागे जातो, कुणाशीतरी बोलतो, आणि पलीकडून उत्तर येतं. बाबा स्वतः गेले. खडकाच्या अलीकडे दबून बसले. पलीकडे गणपत परक्या भाषेत नावं घेत होता, एकामागून एक, कुणाला तरी काही कळवावं तशी. मग थांबायचा. मग दुसरा, जाडा आवाज यायचा, तोच शब्द, दर वेळी तोच.

ताई, तुला कळलं असेल. मला तर तिथे बसल्या बसल्या हुंदका फुटला. तो गाऱ्हाणं घालत होता. आणि म्हणायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून बाजूच्या गावकऱ्यांचा आवाज काढून स्वतःच ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. मी इथल्या गच्चीत म्हणतो तसंच.

“चार क़दम,” बाबा म्हणाले. “पत्थर के पीछे जाने को चार क़दम था. मैं नहीं गया. मैं सोचा, दूसरा आदमी के पास बंदूक होगा.”

त्यांनी अलीकडूनच गोळी झाडली. मग ती चार पावलं चालून गेले. एका दगडावर तेलाची पणती होती आणि एक सुपारी. दुसरं कोणी नव्हतं.

खरा खबऱ्या पुढच्याच आठवड्यात सापडला. गणपत विमानाच्या गोळीबारात गेला, असं यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानलं. पुढे विजय, जीप, पदकं. भिंतीवरच्या त्या फोटोत कमरेला जे पिस्तूल आहे, तेच ते. “उसमें एक ही गोली था,” ते म्हणाले. “फिर कभी भरा नहीं.”

मी मोजा काढला, आत हात घातला. गंजून चाप जागेवरून हलत नव्हता. ताई, मी गेले दोन आठवडे एका गंजलेल्या लोखंडाला घाबरून त्या माणसाला विष घालत होतो, आणि मोज्यात हात घालून एकदा बघितलं नाही.

संध्याकाळी बिल्कीस मॅडम आल्या, तेव्हा मी दोन्ही सांगितलं. आधी गोळ्यांचं, मग मोज्याचं. उलट क्रमाने सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं, फैसल नंतर तसं म्हणालाही. पण मला तसं करायचं नव्हतं. हिंदी मोडकंतोडकं, तरी काही गाळलं नाही. मॅडम आधी बापाच्या खोलीत गेल्या, डॉक्टरला बोलावून त्यांना तपासून घेतलं. जीवाला धोका नाही म्हणाले. मग मॅडमनी माझ्यापुढे हात केला. मी गोळ्यांची पाकिटं त्यांच्या हातात दिली.

“आज पोलीस को बोल सकती हूँ,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “हाँ, मॅडम.”

“बाबा बोलते हैं, नहीं बोलना.” त्यांचे डोळे लाल झाले होते. “महीना ख़त्म, तुम घर जाओ. मैं तुमको इस घर में नहीं देख सकती.”

त्यांचं काय चुकलं? पिस्तुलाचं फैसल बघणार आहे, त्याच्या काकाचा कोणी ओळखीचा वकील आहे. औषध आता हिना देते. मी फक्त उचलतो आणि बसवतो.

म्हणजे मी येतोय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. घाबरून परत आला, असं वाडीत म्हणतील आणि ह्या वेळी ते खऱ्या कारणाच्या निम्मंसुद्धा नसेल. समिधाला मी स्वतः सांगेन, तू काही बोलू नकोस. अजून भीती जात नाही, मॅडमचं मन फिरलं तर काय, दाराची घंटा वाजली की पोलीसच आले असं वाटतं. पण सगळ्यात जास्त भीती मला आता माझ्या हातांची वाटते. आपल्या घरात कुणाला औषध द्यायची वेळ आली तर तू दे, मला सांगू नकोस.

आता शेवटचं.

आज दिवस बुडताना बाबा म्हणाले, गच्चीत ने. मी खुर्ची ढकलत नेली. खाली रस्त्यावर गाड्या, पलीकडे समुद्र. मशिदीतली बांग होऊन त्यांचा नमाज झाला, मग त्यांनी मला खूण केली. “बोलो. उसका नाम लेके बोलो.”

मी गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, बा देवा रवळनाथा, आई पावणाई, खयच्या गावचो ता म्हायत नाय, पण तुझा एक लेकरू गणपत साठ वर्सां झाली, परमुलखात डोंगरात पडलाहा. तेचो कोणी शोध केल्यान नाय, तेच्या नावान कोणी पाणी सोडल्यान नाय. तेका आता घराक आण रे म्हाराजा.

मी थांबलो. दुसरा आवाज काढायचा धीर होईना. आणि शेजारून, खुर्चीतून, जाड्या घोगऱ्या आवाजात आलं:

“व्हय म्हाराजा.”

उच्चार आपल्यासारखाच, शब्दाला शब्द. साठ वर्षांत ते तो विसरले नव्हते.

त्याचं गाव बाबांना माहीत नाही. रवळनाथ आणि पावणाई आपल्याकडे गावोगावी आहेत. पण जत्रेला गाऱ्हाणं घालतील तेव्हा गुरवाला सांग, एडनला गेलेला गणपत कंपाउंडर, एवढंच नाव घे म्हणून. लोक विचारतील हा कोण. माझं नाव सांग, सगळं सांग, मला चालेल. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, नेहमीसारखी तू मागे राहा. आणि मग त्याच्यासाठी तुझ्या त्या उशिराच्या आवाजात एकटीने म्हण. पोरं हसली तर हसू देत.

तुझा घाबरा भाऊ,
मुकेश